शाळेच्या गाडीतून समुद्राकडे

गाडी दारात उभी राहिली तेव्हा नवल भंगाळ्यांनी बायकोला सांगितलं, "ही आधी शाळेची गाडी व्हती." वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं पेट्या मोजून निवृत्त झालेल्या या माणसाला खोटं बोलायची सवय नव्हती. त्यामुळे ते जरा जास्तच मोठ्यानं बोलले.

खरं म्हणजे ती गाडी एका ट्रस्टचा स्वर्गरथ होती. भंगारात जाता जाता नवलभाऊंनी ती उचलली, पांढऱ्यावर पिवळा रंग चढवला आणि मागच्या लांबलचक स्टीलच्या बाकड्यावर गादी टाकून पलंग केला. कोपऱ्यात शेगडी आणि पाण्याची टाकी बसवली. परदेशातली माणसं अशी फिरती घरं घेऊन कालव्याकाठी, समुद्राकाठी राहतात, हे त्यांनी मोबाईलवर पाहिलं होतं. सुनंदाबाईंनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता, आणि आता घाई होती. पोटाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी नवलभाऊंना एकट्याला व्हरांड्यात बोलावून चार वाक्यं सांगितली होती. ती ऐकून ते बाहेर पडले आणि घरी स्वतःच्या मळ्यातली केळी पडलेली असताना डझनभर केळी विकत घेऊन आले. बायकोला म्हणाले, "डॉक्टर म्हने, हवापालट करा."

बेत सोपा होता. तापीच्या काठाकाठानं जायचं, आणि ती जिथे समुद्राला मिळते तिथे थांबायचं.

जळगाव सुटेपर्यंत सगळं ठीक होतं. अमळनेरला मात्र रस्त्याकडेची माणसं हात जोडू लागली. एकानं टोपी काढली. चौकातल्या पोलिसानं दोन्हीकडची वाहनं थांबवून त्यांना वाट करून दिली. रंग बदलला तरी गाडीचा आकार बदलला नव्हता.

"इकडची मानसं किती चांगली," सुनंदाबाई म्हणाल्या. "वळख ना पाळख, नमस्कार करता."

"हवाच तशी हाय," नवलभाऊ म्हणाले आणि त्यांनी वेग वाढवला.

बेटावदच्या पुढे एका गावाबाहेर तापीचं पाणी पुढच्या बंधाऱ्यामुळे तुंबून तळ्यासारखं पसरलं होतं. काठावर निंबाची सावली होती. नवलभाऊंनी तिथे गाडी लावली आणि भाकरीचं फडकं सोडलं. आत उकडत होतं. सुनंदाबाईंनी पंख्याचं बटण समजून शेजारचं दाबलं.

छतावरून रामनामाची धून सुरू झाली. नदीच्या पलीकडे ऐकू जाईल एवढी मोठी. नवलभाऊंनी ते बटण वर केलं, खाली केलं, शेवटी उपटून हातात घेतलं. धून थांबली नाही.

सुनंदाबाईंनी भाकरी खाली ठेवली. बाकड्यावरची गादी उचलून खाली पाहिलं. मग छताकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"कोन्त्या शाळेची गाडी व्हती म्हने?"

नवलभाऊंच्या हातात बटण होतं. तेवढ्यात गावाकडून एक माणूस धावत आला. डोक्याला रुमाल, अंगात घामानं भिजलेला सदरा.

"उनात का भाऊ! वाट देखी देखी डोया थकी ग्यात," तो म्हणाला. "मी झुलाल. माय सकायमाच गई. तालुकानी गाडी काही येत नही, नि मसनवटा तीन कोस दूर शे. तुमनी धून आयकाई नि जीवमा जीव उना."

"अहो, ही ती गाडी नाही," नवलभाऊ ओरडले, कारण धून चालूच होती. "आम्ही समुद्राकडे चाललोय. हे आमचं घर आहे, घर!"

झुलालनं मान डोलावली. "खरं शे भाऊ. शेवट सगळासनं घर हाईच."

नवलभाऊ त्याला शेगडी दाखवू लागले, पाण्याची टाकी दाखवू लागले. झुलाल म्हणाला, आता गाड्यांत बऱ्याच सोयी झाल्यात. नवलभाऊंनी शेवटचं कारण काढलं, "माझी बायको आजारी आहे हो."

"गादी काढा," सुनंदाबाई मागून म्हणाल्या.

"सुनंदा, तू..."

"सकायपासून बाई उन्हात पडेल हाय. गादी काढा. मंग तुमच्याशी बोलते."

पण नंतर त्या नवऱ्याशी बोलल्याच नाहीत. गावात जाऊन झुलालच्या आईला, धुरपदाबाईंना, बाकड्यावर ठेवलं. चार बायका आत चढल्या आणि रडू लागल्या. शेगडीशेजारी अंग चोरून बसलेल्या सुनंदाबाई, मेलेल्या बाईला कधी पाहिलेलं नसताना, एकीची पाठ चोळत राहिल्या. पुढे नवलभाऊंच्या शेजारी झुलालचे वडील पितांबर आबा काठी धरून बसले होते. खड्ड्याखड्ड्याला फळीवरून एकेक स्टीलचा डबा खाली पडत होता. मसणवट्यात माणसं कमी पडली म्हणून नवलभाऊंना खांदा द्यावा लागला. अग्नी दिल्यावर आंघोळीला ते कपड्यांसकट तापीत उतरले. बाहेर आल्यावर एक गृहस्थ अदबीनं जवळ आला आणि त्यानं त्यांचा फोन नंबर मागितला. त्याचे वडील वरच्या गावात अत्यवस्थ होते.

निघायच्या वेळी झुलालनं हात जोडले. इथे पाणी तुंबलेलं, अस्थी जागच्या जागी पडून राहतील. भाऊ समुद्राला जाताहेतच, तर तीन दिवस थांबले तर बरं होईल.

नवलभाऊंनी बायकोकडे पाहिलं. "थांबू," सुनंदाबाई म्हणाल्या. गादी टाकायला झुलालनं खळ्यातली खाट दिली. तीन दिवस गाडी निंबाखाली उभी राहिली, आणि गावच्या बायका घरोघरी वेगळा डाळ-भात करून आणून देत राहिल्या. सुनंदाबाई सगळ्यांशी बोलत होत्या. नवऱ्याशी नव्हत्या.

चौथ्या दिवशी झुलाल आणि आबांसह चौघं निघाले. झुलालच्या मांडीवर लाल फडक्यात बांधलेलं मडकं होतं. सुरत ओलांडून दुपारी ते डुमसला पोचले. आबा काठी टेकत उतरले आणि त्यांनी कपाळावर हात धरून पाहिलं. नजर पोचेल तिथवर काळा चिखल होता.

"कोठे शे समुद्र?"

"ओहोटी हाय," नवलभाऊ म्हणाले, जणू त्यांचीच चूक होती. "येईल चारपर्यंत."

झुलाल भजी आणायला गेला. बाकीचे चिखलाच्या कडेला बसून समुद्राची वाट पाहू लागले.

"काय झालं व्हतं धुरपदाअक्काले?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"पोटमा गाठ," आबा म्हणाले. "डाक्तरनी माले एकलालेच सांगं. मी तिले सांगं नही. म्हनं, तेवढीच चार महिना सुखमा राही."

नवलभाऊ वाळूत बोटानं रेघा ओढू लागले.

"तिले ठाऊक व्हतं, आबा," सुनंदाबाई म्हणाल्या.

"नही व. कधी बोलनी नही ती."

"नवरा उगाच केळी आनायला लागला, की बायकोले समजते," त्या म्हणाल्या. "तुमाले वाईट वाटू नये, म्हनून बोलली नसन."

आबांनी डोळ्याला धोतराचा सोगा लावला. नवलभाऊंना एकदम उठून कुठेतरी जावंसं वाटलं. ते उठले आणि समोर जाण्यासारखं फक्त चिखलच असल्यामुळे चिखलात गेले. दहा पावलांवर त्यांचे पाय पोटरीपर्यंत रुतले. एक काढावा तर दुसरा आत जाई. लांबून एक पांढरी रेघ सरकत येत होती.

सुनंदाबाई नऊवारी वर खोचून, चपला हातात घेऊन, त्यांच्यापर्यंत आल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

"तू वजन उचलायचं नाही," नवलभाऊ म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरनं काय काय सांगितलं ते आता बसून सांगा मले," त्या म्हणाल्या. "आधी हात द्या. पानी येऊन राह्यलं."