मांडीवरचं शीट

मला मदत केली ती बबनभाऊंनी. काय झालं ते पुढे सांगते, पण नाव आधी लिहिते. नंतर घाईत राहून जायला नको.

बबनभाऊ पवनानगर ते कामशेत जीप चालवतात, आणि त्यांना माणसं दिसत नाहीत, शीटं दिसतात. मी काम करते तिथल्या मालकांना ते तोंडावर ‘दीड शीट’ म्हणतात. शाळेतले किडकिडीत गुरुजी पाऊण. लग्नाला गेले की अक्षता पडायच्या आधीच मांडवावर नजर फिरवून पुटपुटतात, “तीनशे शीट. वीस खेपा.” वस्तीवरचं कुणी वारलं तर टोपी काढतात, मान खाली घालतात आणि म्हणतात, “चांगलं शीट व्हतं. कदी सुट्ट्याची कटकट न्हाई.”

मी परभणीकडची. सातवीत शाळा सुटली, लग्न होऊन इकडे आले. नवरा आंबीला कंपनीत कंत्राटावर. आमचं पटेना, म्हणून दोघांच्या संमतीने फारकत घ्यायचं ठरलं. मी गौरीला घेऊन धरणाजवळ, पर्यटकांचे तंबू लावतात तिथे झाडलोटीचं काम धरलं. माहेर इतकं लांब की रडत जायचं म्हटलं तरी रस्त्यातच रडणं संपून जाईल.

नवऱ्याने निरोप पाठवला. एकरकमी दीड लाख. त्यातच माझी पोटगी, त्यातच पोरीचा खर्च, पुढे कुणी काही मागायचं नाही. दीड लाख मी कधी एकत्र पाहिले नव्हते. मनात एकच धास्ती, उद्या नाही म्हणाला तर? सही करून टाकायची ठरवून मी वकीलबाईंकडे जायला जीपमध्ये बसले. साडेतीन वर्षांची गौरी मांडीवर.

भाऊंनी आरशातून विचारलं, “कुटं निघाली?” मी सांगितलं. त्यांनी भरलेली गाडी बंद केली.

“अठराची व्हायला साडेचौदा वर्सं. म्हंजे म्हैन्याला नऊशे बी न्हाई. आन् त्यात तू बी? दोन शीटं एका तिकिटात?”

मागून एक मावशी माशांची पाटी सांभाळत ओरडल्या, “आरं बबन, हाक की गाडी! मासं वास मारायला लागलं.”

“मासं मेल्यात मावशी, त्यास्नी कसली घाई? हितं जितं लेकरू हाय.” आणि माझ्याकडे वळून, “हे बघ. मांडीवर हाय तवर फुकाट. पाचाची झाली की अर्दं शीट. बारानंतर फुल्ल. तुजा नवरा मांडीवरच्या पोरीचा भाव लावतुया आन् फुल्ल शीटाचा पास मागतुया.”

मावशींनी पाटी खाली ठेवली. म्हणाल्या, “हे मातुर बराबर हाय.”

मी सही केली नाही. वकीलबाईंना भाऊंचं म्हणणं सांगितलं तर त्या म्हणाल्या, “अगं, हेच तर मी तुला दोनदा सांगितलं. पोरीचं वेगळं, दर महिन्याला, दरवर्षी वाढ.” खरंच सांगितलं होतं. पण त्यांचं टक्क्यांत होतं, म्हणून मी नुसती मान डोलावली होती.

मग मात्र माझ्या अंगात वारं शिरलं. नवऱ्याला अठरा हजार पगार. पोरीसाठी निम्मे, नऊच मागायचे. दुपारी स्टँडवर जीप रिकामी होती, तेव्हा भाऊंना हे सांगितलं. वाटलं, शाबासकी देतील.

त्यांनी बोटांवर हिशेब केला. नवऱ्याची खोली, खानावळ, गावाकडे म्हातारीला पाठवायचे. मग म्हणाले, “आन् आंबीवरनं हितं यायचं-जायचं भाडं. म्हैन्याचं चार आयतवार. ते आदी बाजूला काड.”

मी चिडले. “त्याच्या भाड्याची काळजी मी कशाला करू?”

“त्येची नगं करू. पोरीची कर.”

भाऊ फडक्याने काच पुसायला लागले. काच स्वच्छच होती. काचेकडे बघतच बोलले. त्यांचीही फारकत झालेली. तेव्हा ते वीटभट्टीवर होते. बायकोकडच्यांनी जेवढे मागितले त्याच्यापेक्षा जास्त देतो म्हणाले, भर बैठकीत, ताठ्यात. दिलेही, एक महिना चुकवला नाही. पण लेकीला भेटायला जायचं तर हातात भाडं उरेना. “दोन वर्सांनी गेलो. दारात हुबा ऱ्हायलो तर पोरगी आत वरडली, ‘आये, भाईर कुनी काका आल्यात.’ पानी पिलो आन् आलो.”

एवढं बोलून ते खाली उतरले आणि नेहमीपेक्षा मोठ्याने ओरडायला लागले, “कामशेत, कामशेत!” स्टँडवर माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

शेवटी गौरीचे महिन्याला साडेसहा हजार ठरले, दरवर्षी वाढ, शाळेचा खर्च निम्मा-निम्मा. माझी पोटगी वेगळी, थोडीच, पण माझ्या नावाची. नवरा रविवारी येतो. गौरी त्याला लांबून ओळखते आणि पळत सुटते. मला ते बघून बरं वाटतं असं नाही, पण मी तिला अडवत नाही.

भाऊंची लेक आता जुन्नरकडे नांदते म्हणतात. एकदा त्यांना मी तिकडे घेऊन जाणार आहे. कधी ते माहीत नाही, पैसे साठायचेत, आणि भाऊंनाही तयार करायचंय. पण येण्या-जाण्याचं दोघांचं भाडं मी देणार. त्यांनी कितीही नको म्हटलं तरी.