हिंदुरावांचा बोकड

यंदा आमच्या गल्लीत रविवारी कुणाच्याही घरी मटण शिजलं, तर जेवणं आटोपायच्या सुमारास दारात हिंदुराव उभे राहायचे. हातात झाकणाचा स्टीलचा डबा, गळ्यात तुळशीची माळ. ते आत येत नसत, बसत नसत, पाणीही घेत नसत. उंबऱ्याबाहेरूनच विचारायचे, "बाई, आज पुढचा पाय आला का हो वाटणीला?"

आला असेल, तर ताटातली हाडं डब्यात घालायची. आला नसेल, तर काय आलं ते सांगायचं. मग हिंदुराव मान हलवायचे, "मागचं लई जमल्यात," असं म्हणायचे आणि पुढच्या घरी जायचे.

मुलांनो, समोर हिंदुरावांच्या अंगणात दोरीवर कपड्यांऐवजी हाडं का वाळत घातली आहेत, असं तुम्ही मागे एकदा व्हिडिओ कॉलवर विचारलंत. मी तेव्हा विषय बदलला, कारण ते घाईत सांगण्यासारखं नाही. आता क्रमानं सांगते.

हिंदुराव खोत सहासष्ट वर्षांचे आहेत आणि या वयात प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. करत होते. त्यांची सगळी नोकरी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर म्हणून झाली. यंत्राचा जो भाग लोखंडात ओतायचा असतो, तो आधी लाकडात घडवतात. त्या लाकडी नमुन्याला पॅटर्न म्हणतात. तो वाळूत दाबून साचा घ्यायचा आणि साच्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. हिंदुराव निवृत्त झाले आणि थोड्याच महिन्यांत त्यांच्या पत्नी शालनताई गेल्या. त्यांचं वर्षश्राद्ध झालं, आणि पुढच्याच आठवड्यात हिंदुराव ट्रंकेतून बारावी सायन्सचं जुनं प्रमाणपत्र काढून कॉलेजात प्रवेश घेऊन आले.

गल्लीनं आपापली कारणं शोधली. कुणी म्हणालं, दुःखानं डोक्यावर परिणाम झाला. कुणी म्हणालं, दुसरं लग्न करायचं असेल. तुमच्या आजोबांचं मत असं, की एकट्यासाठी भाकरी थापायचा कंटाळा आला असेल आणि कॉलेजला कँटीन असतं. खुद्द हिंदुरावांना विचारलं, तर ते म्हणायचे, "शास्त्रात लाज नसती, बाई." हे त्यांचं ठरलेलं उत्तर. कुठल्याही प्रश्नाला चालतं.

कॉलेजात वर्गातली मुलं त्यांना मामा म्हणू लागली. प्राध्यापक आपल्या मुलाच्या वयाचे, तरी ते खुर्चीत बसेपर्यंत हिंदुराव बसत नसत. मामा उभे, म्हणून सगळा वर्ग उभा. ते सर बिचारे उभ्यानं शिकवणारे होते. पहिल्याच दिवशी सगळ्या वर्गानं पूर्ण तास उभ्यानं ऐकला. दुसऱ्या दिवसापासून सर आल्या आल्या एकदा खुर्चीवर टेकायचे, मग उठून शिकवायचे.

प्राण्यांचं वर्गीकरण शिकून झाल्यावर हिंदुरावांनी गल्लीचं वर्गीकरण केलं. दूधवाला उभयचर ठरला, कारण तो दूध आणि पाणी दोन्हींत सारखाच सुखी असतो. मत मागायला येणारे पुढारी परजीवी. मला त्यांनी पृष्ठवंशीयांत घातलं, आणि तुमच्या आजोबांच्या बाबतीत अजून अभ्यास चालू आहे असं सांगितलं. आजोबा दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

पुस्तकं इंग्रजीत, म्हणून दर रविवारी संध्याकाळी हिंदुराव माझ्याकडे येत. मी परिच्छेदाचा अर्थ मराठीत सांगायचे, ते तो आपल्या भाषेत परत सांगायचे. हृदयाचे चार कप्पे त्यांनी असे सांगितले, "चार खोल्या, पण भाडेकरू भांडत न्हाईत. येणाऱ्याचा रस्ता येगळा, जाणाऱ्याचा येगळा."

असं सगळं ठीक चाललं होतं. मग गेल्या वर्षी प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत गांडूळ आलं.

ते चिरून त्याची अन्ननलिका दाखवायची होती. माळकरी हिंदुरावांनी नकार दिला. सर म्हणाले, अहो, ते मेलेलंच आहे. हिंदुराव म्हणाले, मग पुरायला पायजे. आणि त्यांनी खरोखरच ते रुमालात गुंडाळलं, कॉलेजच्या बागेत नेलं, खड्डा करून पुरलं आणि हात धुऊन परत येऊन जागेवर बसले. अर्थात नापास झाले.

यंदा सरांनीच मार्ग काढला. काही चिरायला नको, मारायला नको. एखाद्या प्राण्याचा सांगाडा जुळवून आणा, तोच तुमचा प्रकल्प. मात्र ही शेवटची संधी, यात पास झाला नाहीत तर पदवी विसरा. बरोबरची मुलं कळंबा तलावातले डास नाही तर रंकाळ्यावरचे पक्षी घेऊन मोकळी झाली होती. हिंदुरावांनी बोकड घेतला.

अख्खा बोकड विकत घेऊन हे काम सहज झालं असतं. पण हिंदुरावांचा नियम पक्का. "माझ्यापायी बोकड मरायचा न्हाय. आणि मेलेला वाया बी जायचा न्हाय." म्हणून तो स्टीलचा डबा.

आमच्या मागच्या घरी नातवाचं जावळ काढलं, तेव्हा तर कहर झाला. जावळाचं जेवण म्हणजे तांबडा-पांढरा रस्सा आणि मोठी पंगत. हिंदुराव बादली घेऊन पंगतीतून फिरू लागले. पाहुण्यांना वाटलं वाढपी आले, म्हणून त्यांनी ताटं पुढे केली. हिंदुरावांनी ताटातलं उचलून बादलीत घातलं. जयसिंगपूरकडचे एक भारदस्त पाहुणे नळी फोडून आतला मगज ओढायच्या बेतात होते. हिंदुराव त्यांच्यासमोर उकिडवे बसले आणि हात जोडून म्हणाले, "पावणं, तेवढी फोडू नका. परीक्षा हाय माझी."

पाहुण्यांनी नळीकडे पाहिलं, माळेकडे पाहिलं. मग शेजाऱ्याला विचारलं, "ह्यो कुठला देव?"

शेवटी हिंदुरावांनी आपल्या वाट्याचे दोन्ही लाडू देऊन ती नळी सोडवली.

हाडं घरी आणून ते अंगणातल्या चुलीवर सोडा घालून उकळायचे, घासायचे आणि दोरीवर टांगायचे. गल्लीतली कुत्री त्यांची भक्त झाली. ते कॉलेजला निघाले की कुत्री मागे, ते वर्गात गेले की कुत्री फाटकाशी. एवढं करूनही बोकड पुरा होईना. कशाबशा एका बाजूच्या बरगड्या जमल्या, पण दुसऱ्या बाजूची एकही धड मिळेना, कारण मटणवाला ती तोडून देतो. मग हिंदुरावांनी हत्यारांची पेटी उघडली आणि उरलेल्या बरगड्या सागवानात घडवल्या. रंग असा दिला, की हाड कुठलं आणि लाकूड कुठलं ते मला कळलं नाही.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी ते माझ्याकडे उजळणीला आले. मी विचारलं, बोकडाला वरचे पुढचे दात का नसतात? त्यांनी सगळं नीट सांगितलं. वर दातांच्या जागी कडक गादी असते, खालचे दात त्या गादीवर दाबून पाला ओढायचा, रवंथाच्या वेळी दाढांनी दळायचं. एक शब्द चुकला नाही.

तेवढ्यात हिंदुरावांचा फोन वाजला. त्यांचा मुलगा संग्राम कॅनडात असतो. तिकडच्या प्रयोगशाळेत तो माशांच्या अंड्यांवर संशोधन करतो. तो दर रविवारी याच वेळी फोन करतो. हिंदुराव म्हणाले, "संग्राम, एक अडलंय बघ. बोकडाला वरचं दात का नसत्यात?"

संग्राम समजावू लागला. हिंदुराव मध्ये मध्ये "व्हय?", "आणि मग?" असं विचारत होते. दातांवरून विषय जबड्यावर गेला, जबड्यावरून संग्रामच्या माशांवर, माशांवरून तिकडच्या थंडीवर आणि त्याच्या नव्या घरमालकावर. माझा चहा पिऊन झाला, त्यांचा निवून गेला.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, हिंदुराव, हे तर तुम्हाला येत होतं.

"येतंय की."

"मग त्याला का विचारलंत?"

त्यांनी निवलेला चहा एका घोटात संपवला. मग म्हणाले, "बाई, शालन होती तवा फोनवर तीच बोलायची. शेवटाला माझ्याकडं द्यायची. मी म्हणायचो, बरं हाय, घे, आईशी बोल. ती गेल्यावर फोन आला. जेवलास काय म्हटलं, जेवलो म्हणाला. तो म्हणाला, तुमी जेवलासा? जेवलो म्हटलं. मग पुढं काय बोलायचं ते दोघांनाबी कळंना. आणि घे म्हणून द्यायला कोण न्हाय." कप बाजूला सारून ते म्हणाले, "त्याला येतंय ते एवढंच. म्हणून म्हटलं, तेच शिकावं."

मी विचारलं, मग पास झालात तर?

"तीच काळजी हाय. पास झालो की विचारायचं संपलं."

मी म्हटलं, एखादं उत्तर चुकवा. त्यांना ते पटलं नाही. "नापास व्हायला लबाडी करावी लागती. ती न्हाय जमत."

परीक्षेला बोकड रिक्षातून गेला. तो मावावा म्हणून तुमचे आजोबा त्याला मांडीवर घेऊन बसले होते, आणि मागून कुत्री धावत होती. पुढचं आजोबांनी दारातून पाहिलं, ते असं. बाहेरून आलेले परीक्षक बोकडाभोवती फिरले, समोर उभे राहिले, मान तिरकी केली आणि म्हणाले, "आजोबा, हा एका बाजूला फुगलाय का?"

हिंदुरावांनी खिशातून टेप काढला. हाडाची बरगडी मोजली, लाकडाची मोजली. मग त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "चूक झाली, सर. लोखंड थंड होताना आटतं, म्हणून आमी पॅटर्न जरासा वाढीव करतो. जन्मभराचा हात, सवयीनं गेला. हा बोकड लोखंडात ओतला असता, तर बरोबर आला असता."

परीक्षकांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि हसू आवरून प्रश्न विचारायला सुरुवात केली. एकेका हाडाचं नाव, काम, जागा. हिंदुरावांनी सगळी उत्तरं दिली, आणि लबाडी न करता पास झाले.

निकालाच्या दिवशी ते पेढे घेऊन आले. "पास झालो, बाई," असं त्यांनी ज्या आवाजात सांगितलं, त्या आवाजात आपल्याकडे कुणी गेल्याची बातमी सांगतात. पेढे वाटून झाल्यावर ते घरी न जाता आमच्या पायरीवर बसून राहिले.

त्या रविवारी उजळणी नव्हती, तरी ते संध्याकाळी आले. फोनही आला. हिंदुरावांनी सांगितलं, पास झालो. संग्रामला खूप आनंद झाला, त्याचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला. मग तो थांबला.

"जेवलास काय?" हिंदुरावांनी विचारलं.

जेवलो, म्हणाला.

मी चहा घेऊन बाहेर आले, तेव्हा हिंदुरावांचा फोनचा हात कानापासून सुटून माझ्याकडे येत होता.

"आबा," फोनमधून संग्राम म्हणाला, "तुम्ही बोकडाचा फोटो पाठवलात ना, त्यात लाकडाची बाजू मोठी दिसते. वाढीव किती ठेवायचं हे तुम्ही ठरवता कसं? पितळेलाही तेवढंच लागतं?"

हिंदुरावांचा हात जागच्या जागी थांबला. मग त्यांनी फोन परत कानाला लावला, पाय वर घेऊन खुर्चीत मांडी घातली आणि मोकळ्या हातानं मला चहा तिथंच ठेवायची खूण केली.

"पितळंला जास्त," ते म्हणाले. "आणि ॲल्युमिनियमचं आणखी न्यारं. सांगतो, पर आदी वाळूपासनं सांगाय पायजे. विषय मोठा हाय, संग्राम. एका रविवारात बसायचा न्हाय."