गोगलगाईचा वाघ झाला, त्याची गोष्ट

एका जंगलात काय झालं ते सांगतो. पण पोरांनो, शेवट आधीच ओळखून दाखवा, माझी टोपी तुमची. नाही ओळखता यायचा, म्हणून तर पैज लावतोय.

तिथं भिवातात्या नावाचं कासव होतं. साठ वर्षं खपून त्यानं एक कादंबरी लिहिली. उशाला घेता येईल एवढी जाड. तिच्यात एक गोगलगाय आग ओकणारा डोंगर चढते आणि वरच्या राक्षसाला झोपेत गाठते. त्या गोगलगाईवर तात्याचा पोटच्या लेकीसारखा जीव.

एक दिवस कोल्हा आला.

"तात्या, तुमच्या पुस्तकावर शिनेमा काढतो. उडते घोडे, जादूची तलवार, सगळं घालतो."

"गोगलगाय राहील ना?"

"अहो, तिच्याशिवाय शिनेमा कसला?"

त्या जंगलात सही नव्हती. पाणवठ्याच्या चिखलात पाय उमटवला की करार झाला. मन बदललं, तर चिखल वाळायच्या आत येऊन पुसायचा. तात्यानं पाय उमटवला आणि घरची वाट धरली.

वाटेत मैना म्हणाली, "तात्या, तुमच्या गोगलगाईचं काम वाघ करतोय म्हणे."

तात्या तसाच मागं वळला. धावला. म्हणजे त्याच्या मानानं धावला. पोचला तेव्हा चिखलाला भेगा पडल्या होत्या. कोल्हा शेजारी बसून दात कोरत होता.

"अरे, गोगलगाय डोंगर चढते यात गोष्ट आहे. वाघ चढला तर त्यात काय विशेष?"

"म्हणून तर डोंगर तिप्पट केलाय, तात्या."

शिनेमा लागला. जंगल लोटलं. वाघानं डरकाळी फोडली, डोंगर फुटला, हत्ती रडले. गोगलगाय होती, नाही असं नाही. एकदा वाघाच्या पायाखाली आली.

मग ससे पुस्तक घेऊन तात्याच्या दारात.

"तात्या, शिनेमाची पार वाट लावलीत. यात वाघच नाही."

"बाळांनो, मी आधी लिहिलंय रे."

"मग तेव्हाच का नाही घातला?"

तात्यानं दार लावून घेतलं. पुस्तकातलं अक्षर न बदलता दोन महिने टिकला. मग एका सकाळी वाघ स्वतः आला. अगदी जवळ बसला. प्रेमानं म्हणाला, "तात्या, मी कुठल्या पानावर आहे?"

नवी आवृत्ती निघाली. पानोपानी वाघ. गोगलगाय तात्यानं स्वतःच्या नखानं खोडली.

तात्पर्य : पुस्तक लिहायचं असेल, तर आधी त्यावरचा शिनेमा बघून घ्यावा. तात्याला हे शहाणपण एका गोगलगाईच्या किमतीला पडलं.