आठल्यांचं सोवळं

डॉक्टर आठल्ये संध्याकाळी कामावरून आले की घरात न शिरता आधी मागच्या विहिरीवर जात. तिथे पंचा गुंडाळून अंगावरचे कपडे उतरवायचे, बादलीत भिजवायचे आणि नखं घासघासून अंघोळ करायची. पौषातल्या थंडीतही यात खंड नाही. अंघोळीआधी ते कोणाला शिवत नसत, आणि अंघोळीनंतरही कोणी जवळ आलं की दोन पावलं मागे सरत. विलायतेत शिकून आलेल्या माणसाचं हे कडक सोवळं आमच्या पार्ल्यात बोलण्याचा विषय झालं होतं.

डॉक्टर म्हणजे नाडी बघणारे नव्हेत. ते अणूचे डॉक्टर. सरकारने नुकत्याच काढलेल्या प्रयोगशाळेत कामाला होते. पण दारावरची पाटी वाचून लोक खोकला घेऊन यायचे. "अहो, मी त्यातला नाही," असं ते प्रत्येकाला सांगत, आणि माणूस हिरमुसला की ओशाळून म्हणत, "सुंठ घेऊन बघा."

समोरच्या गोदूताईंना तर ते साक्षात ऋषी वाटत. ताईंचा मुलगा इराण्याकडे चोरून ऑम्लेट खायचा. डॉक्टरांकडे बोट दाखवून त्या त्याला सुनवायच्या, "बघ मेल्या! समुद्र ओलांडून आला, पण आचार सोडला नाही. तू माहीमच्या पुढे गेला नाहीस, आणि सगळ्याची वाट लावलीस." एकदा त्यांनी डॉक्टरांना श्राद्धाला ब्राह्मण म्हणून बोलावलं. डॉक्टर खाली बघत म्हणाले, "नको ताई. माझे हात स्वच्छ नाहीत." एवढ्या अंघोळी करणाऱ्याच्या तोंडी हे ऐकून गोदूताईंना भरून आलं. डॉक्टरांचा विनय त्या महिनाभर सांगत फिरल्या.

मी शेजारच्या बिऱ्हाडात राहायचो. बँकेतला कारकून, त्यात चौकस. एका रविवारी विहिरीवर मी त्यांना विचारलंच, "डॉक्टर, एवढं सोवळं हल्ली पाळतं कोण?"

"सोवळं कसलं हो," ते बादली ठेवत म्हणाले. "आम्ही जी पूड हाताळतो, तिचा एखादा कण अंगावर राहिला तर? मोठ्या माणसाला कदाचित काही होणार नाही. लहान मुलाचं काय सांगावं?"

"पण निघताना तपासत असतील ना?"

"तपासतात. यंत्र सांगतं, काही नाही. पण ते यंत्र मीच बांधलंय, चोरबाजारातून भाग आणून. त्यात कुठे काय कच्चं आहे ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक?"

"वहिनींना सांगितलंत का हे?"

"ती घाबरेल. सोवळं म्हणून चाललंय, ते चालू दे."

लहान मूल म्हणजे कुंदा, त्यांची एकुलती एक. ती जन्मल्यापासून डॉक्टरांनी तिला एकदाही उचललं नव्हतं. बारशाला मुलगी बापाच्या मांडीवर द्यायची वेळ आली, तेव्हा ते पाणी प्यायला आत गेले ते बाहेर आलेच नाहीत. बाबा सोवळ्यात असतात, एवढंच कुंदाला कळलेलं. ओटीच्या एका टोकाला ती आणि दुसऱ्या टोकाला बाप, असे दोघं गावांच्या नावांच्या भेंड्या खेळत. डॉक्टर दरवेळी हरत. हरताना इतके खूश दिसत की ते मुद्दाम हरतात हे आम्हाला केव्हाच कळलं होतं.

माणूस कामावर जीव टाकणारा. विलायतेतली चांगली जागा सोडून इथे रिकाम्या खोलीत कामाला लागला आणि तारा जोडत जोडत प्रयोगशाळा उभी केली. ती उभी राहिली तेव्हा वरच्यांनी त्यांना बढती दिली आणि ऑफिसात नेऊन बसवलं. आता फायली, सह्या आणि मीटिंगा. मी अभिनंदन करायला गेलो तर म्हणाले, "काम गेलं हो माझं." मग म्हणाले, "पण आता घरी सरळ येता येईल."

तसे ते आलेही. पहिल्याच दिवशी पुढच्या दारातून आत गेले. कुंदा तेव्हा आठ वर्षांची. त्यांना येताना बघून ती चटकन भिंतीला चिकटून उभी राहिली, वाट द्यायला. डॉक्टर तिच्यासमोरून तसेच आत निघून गेले.

पुढच्या आठवड्यात ती दोरीवरच्या उड्या मारताना अंगणात पडली. गुडघा चांगलाच फुटला. डॉक्टर ओटीवरच होते. धावत उतरले, दोन्ही हात पुढे केले. कुंदा रडत उठली, सवयीने त्यांना वळसा घालून गेली आणि थेट कुंपणाशी उभ्या असलेल्या माझ्याकडे आली. मी तिला उचलली. लागलेलं मूल कोणीही उचलेल, पण त्या वेळी मला माझ्या हातांची लाज वाटली.

डॉक्टर जवळ आले. "जड आहे का हो?" त्यांनी मला विचारलं.

मी कुंदाला त्यांच्या हातांत दिली. तिचं रडणं एकदम थांबलं. परक्या घरी बसवल्यासारखी ती ताठ राहिली, मान माझ्याकडे वळवून. मी तिला परत घ्यायला पुढे झालो नाही. डॉक्टर तिला तशीच धरून अंगणात उभे होते.

"जड आहे," ते म्हणाले. "बरीच जड झालीय."