पाय बाहेर राहणारा तंबू

साळवेकाकांनी स्वतः आखून, कापून, शिवलेल्या तंबूत साळवेकाका मावत नाहीत. पोटरीपासून पुढचे पाय बाहेर राहतात. आमच्या सिडकोतल्या गच्चीवर हे दृश्य दर रविवारी असतं. समोरच्या बिल्डिंगमधली माणसं आता हसायचीही थांबलीत.

काका जिल्हा परिषदेतून रिटायर झालेले. मुलगी प्रज्ञा पुण्यात नोकरीला, सुट्टी मिळाली की एकटीच डोंगर फिरणारी. एकदा इथून कन्नडच्या घाटाकडं मुक्कामाला निघाली, तेव्हा काकांनी "एकटीनं जायचं नाय" म्हणून तिची बॅग कपाटात कोंडली. ती बॅग न घेताच पुण्याला निघून गेली. तेव्हापासून आईशी बोलते, बापाचा फोन उचलत नाही. त्यानंतर महिनाभरातच काकांनी तंबू शिवायला काढला. म्हातारा हट्टाला पेटला, आता पोरीला दाखवायला स्वतःच डोंगर चढणार, असं आमचं सगळ्यांचं मत पडलं.

"असला तंबू विकत मिळतो की," मी एकदा म्हटलं.

"मिळतो. लई जड."

हे त्यांचं सगळ्याच गोष्टींबद्दलचं मत. लग्नपत्रिकासुद्धा हातावर तोलून "काहून एवढी जड केली?" म्हणतात. गुलमंडीच्या बाजारातून छत्रीचं कापड आलं, काकूंचं शिलाई मशीन गच्चीवर गेलं, टीव्हीच्या जुन्या अँटेनाचा पाइप कापून खांब झाला. दोऱ्यांची जास्तीची टोकं काका कापून टाकतात, तेवढंच वजन कमी.

मापाला मात्र मी. मी बुटका माणूस, माझ्या उंचीचा आजवर कुणाला उपयोग झालेला नाही. "सर, पडा की जरा," काका म्हणतात आणि आठवडाभर वर्गात घसा फोडून आलेला मी निमूट पडतो. खरं सांगायचं तर आठवड्यात तेवढंच पडायला मिळतं.

"डोकं टेकतंय का?"

"नाही."

"पायाला कापड लागतं?"

"नाही," मी डोळे मिटूनच सांगतो.

भांडण व्हायचं ते पाण्यावरून. आमच्याकडं नळाला पाणी येतं त्या दिवशी लोक कामं टाकून घरी थांबतात. आणि काका भरलेली बादली तंबूवर ओतणार. शिवण गळली की माझी मान भिजायची, काका भोकं बुजवायला सिलिकॉनची नळी घेऊन बसायचे आणि काकू जिन्यातून म्हणायच्या, "प्यायला पाणी नाय आन् हे कापडाला पाजतेत."

गेल्या रविवारी पाणी आलं आणि काकू स्वतःच बादली घेऊन वर आल्या. मी आत पडल्या पडल्या विचारलं, "काकू, काका तर यात मावत नाहीत. मग माप कुणाचं?"

"प्रज्ञाचं," काकू म्हणाल्या. "तुमच्याएवढीच हाय ती."

इतके रविवार मी तिच्या जागी घोरत पडलो होतो.

बादली ओतली गेली. एक थेंब आत आला नाही.

"कोरडं आहे, काका."

दाराच्या फटीतून त्यांचे पाय दिसत होते.

"सर," ते हळू आवाजात म्हणाले, "रातच्याला आत एकटं एकटं वाटंल का हो तिला?"

"नाही वाटणार," मी म्हटलं. "पण पार्सल करू नका. तुम्हीच नेऊन द्या."

"नेतो की," काका म्हणाले. "जड कुठं हाय."