देवीतात्या आणि वरच्या कोंडाची भिंत

फुटबॉलची मॅच बघताना देवीतात्यांच्या उजव्या अंगाला उभं राहू नये, हे महाडात नव्याने बदलून आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगायला हवं. मला कुणी सांगितलं नाही. त्यामुळे कचेरीत कारकून म्हणून रुजू झाल्यावर पंधरा दिवसांच्या आत मी लंगडत कामावर गेलो. शेतात आमच्या पोरांपैकी कुणी चेंडूला लाथ मारली की बाहेर उभ्या असलेल्या तात्यांचा उजवा पाय आपोआप उडे आणि शेजारच्याच्या नडगीवर बसे. तात्यांना त्याची खबरही नसे. मी विव्हळलो तेव्हा त्यांनी वळून मोठ्या आस्थेने विचारलं, "काय हो, काही चावलं का?"

तात्या सरकारी नोकरीत होते. गावोगाव हिंडून लहान पोरांना देवीची लस टोचायची, हे त्यांचं काम. म्हणून ते देवीतात्या. खाकी कोट, काळी टोपी, काखेत छत्री आणि हातात पत्र्याची पेटी अशी ती मूर्ती बांधावर दिसली की वाडीतली पोरं रानात पळत. रडणारं पोर गप्प बसत नसलं तर आया म्हणत, "थांब, देवीतात्याला बोलावते." घरात बायको नव्हती, ती लग्नानंतर दोन वर्षांतच गेली होती, मूलबाळ नव्हतं. भात स्वतः शिजवायचे आणि तो करपला की भांड्याकडे बघून म्हणायचे, "हे शास्त्रात बसत नाही." हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. वरिष्ठांचा हुकूम, आमटीतलं मीठ, शेजारणीचं भांडण, जे पटलं नाही ते शास्त्रात बसत नसे. कुठलं शास्त्र, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही.

स्वतः तात्या जन्मात कधी फुटबॉल खेळले नव्हते. तरुणपणी कामासाठी मुंबईला गेले असताना मैदानावर गोऱ्या सोजिरांची मॅच बघत उभे राहिले आणि घरी परतायची दासगावची बोट चुकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा मॅच होती, पुन्हा बोट चुकली. तिसऱ्या दिवशी मॅच नव्हती म्हणून ते महाडला परत आले. मुंबईचं वर्तमानपत्र आमच्याकडे दोन-तीन दिवस शिळं होऊन येई. तात्या मॅचची हकीकत वाचताना निकालाच्या ओळीवर अंगठा दाबून धरत आणि शेवटपर्यंत उचलत नसत. आपला संघ मागे पडतोय असं दिसलं की घाम पुसत. मी एकदा म्हटलं, "तात्या, ती मॅच मंगळवारीच संपली." ते म्हणाले, "तुमची संपली असेल."

असा माणूस गप्प बसणार कसा? त्यांनी महाडातली अकरा तरुण पोरं जमवली, मुंबईहून कातडी चेंडू मागवला आणि गांधारीच्या काठी नानासाहेबांच्या शेतात खेळ सुरू केला. नानासाहेब मोठे जमीनदार. आमच्या भागात भात कापलं की त्याच ओलीवर लोक वाल पेरतात. पण तात्यांनी गोड बोलून, हात जोडून, प्रसंगी नानासाहेबांच्या नातवंडांना न रडवता टोचून ते शेत तीन वर्षं मोकळं ठेवायला लावलं होतं. तात्या एकदा मला म्हणाले होते, "अहो, आख्ख्या तालुक्यात मला बघून पुढे धावत येणारी ही अकराच पोरं आहेत." ते हसत म्हणाले होते, पण मला काही हसू आलं नाही.

त्या वर्षी आमची पोरं बाहेरगावी दोनदा हरून आली आणि नानासाहेबांचा धीर सुटला. ते म्हणाले, "तात्या, तीन वर्षं माझ्या घरात विकतचे वाल शिजतायत. शिमग्याला पोलादपूरच्या वरून, वरच्या कोंडाची पोरं खेळायला येतायत म्हणे. त्यांना तरी हरवून दाखवा. हरवलंत तर शेत तुमचं. नाहीतर पुढच्या हंगामाला मी वाल पेरणार."

तात्यांचा जीव भांड्यात पडला. वरचा कोंड म्हणजे डोंगरातली पंधरा-वीस घरं. तिथली तरणी पोरं मुंबईला गिरणीत आणि गोदीत, शिमग्याला तेवढी घरी येत. त्यांच्याकडे स्वतःचा चेंडूही नव्हता, कापडाच्या बोचक्यावर शिकत होते. "दहा गोल," तात्या मला म्हणाले. "अकरावा मारू नका म्हणून मीच सांगणार आहे. पाहुण्यांचा मान राखला पाहिजे."

मॅचच्या दिवशी अर्धं महाड बांधावर जमलं. वरच्या कोंडाची पोरं पहाटे डोंगर उतरून आली होती. अंगात गंजीफ्रॉक, खाली गुडघ्यापर्यंत चड्ड्या, पाय अनवाणी. बरोबर त्यांच्या आयाबायाही भाकऱ्या बांधून आल्या होत्या. शिट्टी वाजली आणि ती अकराच्या अकरा पोरं मागे वळली, चालत आपल्या गोलाकडे गेली आणि बांबूच्या दोन खांबांमध्ये खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

आधी लोक हसले. आमचा कॅप्टन बंडू, किराणा दुकानवाल्यांचा मुलगा, हसत हसतच चेंडू घेऊन गेला आणि त्याने सणसणीत लाथ मारली. चेंडू कुणाच्या तरी गुडघ्यावर आपटून परत आला. पुन्हा मारला, तो कुणाच्या छातीवर. तिसऱ्या वेळी कपाळावर. कपाळवाल्याने डोळेही मिटले नाहीत. चेंडू पायाशी आला की ती पोरं तो नदीच्या बाजूला लाथाडत आणि पुन्हा जागेवर येऊन उभी राहत. पुढे एकही जात नव्हता. पाव तास झाला, अर्धा तास झाला. हसणं कधी थांबलं ते कळलंच नाही. बांधावर नानासाहेबांनी तपकिरीची डबी काढली.

"हे शास्त्रात बसत नाही," तात्या पुटपुटत होते. मग एकदम म्हणाले, "ही भिंत मी पाहिलीय." मी विचारलं, कुठे? ते म्हणाले, "अहो, वाड्यांवर टोचायला गेलो की बायका अशाच दारात उभ्या राहतात. हूं नाही की चूं नाही. आत पोरं असतात, पण मुंगीला शिरायला जागा नाही. सबंध नोकरी ह्या भिंतीपुढे गेली माझी."

अर्धी मॅच संपली. गोल एकही नाही. तात्या छत्री उगारत तरातरा पलीकडे गेले, मागोमाग मी. कोंडाच्या पोरांत मधोमध उभा होता तो धोंडू नावाचा गोलकीपर, वीस-बावीस वर्षांचा, त्यांचा म्होरक्या.

"अरे, तुमच्यातलं कुणी पुढे जाणार आहे की नाही?" तात्यांनी विचारलं. "गोल मारायचा असतो, ठाऊक आहे ना?"

धोंडू खरोखर गोंधळला. "पुढं कशाला जायाचं, डाक्तर? राखायचं सोडून?"

मग उलगडा झाला. मुंबईला हा गडी दर रविवारी मॅच बघायला जायचा, पण तिकिटाविना. उभं राहायला जागा मिळायची ती कुंपणाबाहेर, एका गोलाच्या पाठीमागे. तिथून जे दिसलं तो फुटबॉल. समोरून माणसं चाल करून येतात आणि आपण राखण करायची, बस्स. डोंगरात नाचणीला रानडुकरं येतात तेव्हा हेच करतात, त्यामुळे कोंडातल्या पोरांना खेळ लगेच समजला. "आमी मारायला नाय आलो," धोंडू म्हणाला, "राखायला आलो." एवढं बोलून त्याने तोंड पुसायला हात वर केला.

तात्या त्याला काहीतरी सुनावणार होते. त्यांचं तोंड उघडलेलंही होतं. तेवढ्यात मागून एक उतारवयाकडे झुकलेली बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली, "धोंड्या, पी रे," म्हणाली, आणि तात्यांकडे नजर जाताच तिने पदर पुढे ओढून पाठ फिरवली. तात्यांनी तोंड मिटलं. छत्री काखेत मारून ते आमच्या बाजूला परत आले.

दुसऱ्या अर्ध्यात मी नजरचुकीने तात्यांच्या उजव्या अंगाला उभा होतो, पण मला एकही लाथ बसली नाही. हा मला त्या दिवशीचा पहिला धक्का. बंडू तिकडे जीव तोडून लाथा मारत होता आणि तात्यांचा पाय जमिनीत पुरल्यासारखा होता. मला वाटलं, माणसाला झीट येतेय की काय.

मॅच संपायला दोन-तीन मिनिटं उरली असताना भिंतीतल्या एका पोराने, चेंडू थेट तोंडावर येताना पाहून, तो दोन्ही हातांनी झेलला. पंचाने शिट्टी फुंकली. पेनल्टी. बांधावर नुसता जल्लोष झाला. नानासाहेबांनीही डबी खिशात टाकली. आता गोलात एकटा धोंडू आणि समोर बंडू. आमचं शेत वाचलं, असं मी धरूनच चाललो. बंडूची एक खोड होती: पेनल्टी तो नेहमी नदीच्या बाजूलाच मारायचा. तात्यांनी त्याला शंभरदा बजावलं होतं की बाजू बदल. पण हे आमच्याखेरीज कुणाला ठाऊक असणार?

बंडू धावायला लागला. आणि माझ्या कानाशी, अख्ख्या शेताला ऐकू जाईल अशा आवाजात, तात्या ओरडले, "धोंड्या, नदीकडं रे, नदीकडं."

धोंडूने नदीकडे झेप घेतली. चेंडू त्याच्या पोटाशी होता. शिट्टी वाजली, मॅच संपली, गोल शून्य.

चार-पाचशे माणसं तात्यांकडे वळून नुसती बघत होती. बंडू शेतातच फतकल मारून बसला. नानासाहेब जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "तात्या, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"नाही," तात्या म्हणाले.

"मग वाल," असं म्हणून नानासाहेब निघून गेले. लोकही पांगले, जाताना नको नको ते बोलले. कोंडवाल्यांनी म्हाताऱ्याला डोंगरातला मध चारला असणार, असंही कुणी म्हणालं. मलाही संताप आला होता. तीन वर्षं माझ्या नडग्या काय म्हणून झिजल्या? मी तडकून म्हटलं, "तात्या, हे बसतं का तुमच्या शास्त्रात?"

तात्या बांधावर टेकले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"वीस वर्षं झाली," ते म्हणाले. "वरच्या कोंडात टोचायला गेलो होतो. दारोदार तीच भिंत. दोन दिवस वाडीबाहेर दगडावर बसून राहिलो. तिसऱ्या दिवशी एक तरणी बाई, बायजा नाव तिचं, भिंतीतून बाहेर आली आणि तिने काही महिन्यांचं पोर माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, तुमच्या भरवशावर देते. अख्ख्या कोंडात तिनं एकटीनं दिलं. टोचल्यावर आठवड्याने परत जाऊन बघावं लागतं, टोचलेलं उठलं की नाही, म्हणजे तिथे फोड आला की नाही. उठलं तरच उपयोग. आठव्या दिवशी मी निघालो, पोलादपुरापर्यंत गेलो, तिथे कळलं की कोंडात देवीची साथ आलीय. पोरं जातायत. लोक म्हणत होते, त्या टोचणाऱ्याने आणली."

"मग?"

"तिथूनच परत फिरलो."

"माराला घाबरलात?"

"मार खाल्लाय मी, त्याचं काही नाही. ते पोर गेलेलं असलं तर ती बाई माझ्याकडे कशी बघेल, ह्याला घाबरलो. पुढे साहेबाला सांगून तो भागच बदलून घेतला. आजवर किती पोरांना टोचलं, आठवत नाही. त्या पोराचं उठलं का नाही, एवढंच आठवतं. मघाशी धोंडूने हात वर केला, तेव्हा दंडावर चार वण दिसले. माझ्या हातचे मला कळतात. मग त्याच्यावर कुणी चेंडू मारतंय हे मला बघवेना. शेत जाणार हे कळत होतं हो. तरी तोंडातून गेलं."

इतक्यात समोरून तांब्यावाली तीच बाई येताना दिसली. धोंडूला मनगटाला धरून आणत होती. मला वाटलं, उपकार मानायला येतेय. ती तात्यांपासून चार हात लांब थांबली.

"डाक्तर, तुमी आठ दिसांनी येतो म्हनाला व्हता."

"चुकलं माझं, बाय," तात्या उठत म्हणाले.

"बरं झालं नाय आलात. मला तोंड नव्हतं दाखवायला." ती खाली बघत होती. "ह्याच्याहून मोठ्या दोन पोरी व्हत्या माज्या. तुमी आलात तवा भाताच्या कणगीत दडवल्या. ह्यो रोडका व्हता, जगंल का नाय ठावं नव्हतं, म्हनून तुमाला ह्योच दिला. धडधाकट व्हत्या त्या राखल्या." तिने पदराने नाक पुसलं. "त्या गेल्या. ह्यो राहिला. तुमाला बघितलं का त्या आठवतील म्हनून पाठ फिरवली मगाशी."

धोंडू आईकडे बघतच राहिला. त्यालाही हे नवीन होतं, असं त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं.

तात्यांनी चष्मा लावला. धोंडूचा दंड धरून उजेडाकडे वळवला आणि एकेका वणावरून अंगठा फिरवला, सरकारी तपासणी करावी तसा, सावकाश. "उठलीत, बाय," ते म्हणाले. "चारही उठलीत." मग बराच वेळ त्यांनी तो दंड सोडला नाही.

"पोरींची नावं काय होती गो?" त्यांनी विचारलं.

बायजा बांधावर बसली आणि तिने ती सांगितली. एकीचं सुंदर आणि एकीचं भागी. वीस वर्षांत ही नावं तिला कुणी विचारली नव्हती, हे तिच्या आवाजावरून मलासुद्धा कळलं.