बनसोडेकाकांच्या बाई

मी शिडाच्या दोराला निरगाठ मारली. पायजम्याला मारतो तशी, आणि वर आणखी एक. म्हटलं, बोट आहे, घट्ट बांधलेलं बरं.

या बोटीवर पाय ठेवण्याआधी बनसोडेकाका लाकडावर तीनदा टकटक करून विचारतात, "बाई, येऊ का?" बाई म्हणजे ही बोटच; शंभर वर्षांपूर्वी त्या खडकांवरची कालवं भरून ऑकलंडला आणायच्या. पुढे चिखलात कुजत पडल्या. हॅमिल्टनच्या दूध कंपनीतून रिटायर झालेल्या काकांनी आणि चार म्हाताऱ्या गोऱ्यांनी सहा वर्षं खपून त्यांना उभं केलं. काकांनी स्वतः कालव कधी चाखलेलं नाही. "तो बाईंचा धंदा. आपण कशाला नाक खुपसायचं?"

त्या शनिवारी हात कमी पडत होते, म्हणून काकांनी मला पापाटोएटोच्या घरून उचलून आणलं.

"दोर असा बांध, की एका झटक्यात सुटला पाहिजे. कळलं?"

"स्वीट ॲज, काका," इथल्या पोरांसारखं 'एकदम ओके' म्हणालो आणि वर सांगितलेला पराक्रम केला.

खाडीबाहेर पडलो आणि वारा फिरला. शीड टम्म फुगलं, बोट एका अंगावर कलली, पाणी कठड्याला लागलं. समोर खडक.

"सोड दोर!" सुकाणूवरून काका ओरडले.

"सुटत नाहीये!"

"सुटत नाही म्हणजे?"

बाकीचे म्हातारे पुढच्या शिडापाशी अडकलेले. मी नखं मोडली, दात लावले. ओला दोर आणखीच आवळला. खडकांवरची कालवं आता एकेक वेगळी दिसायला लागली.

काकांनी सुकाणू माझ्या हातात कोंबलं, चाकू काढला आणि गाठीपाशी क्षणभर थबकले. मग दोर कापला. शीड फडफडत मोकळं झालं, बोट सरळ झाली, खडक बाजूने निघून गेले.

"सॉरी गं," काका पुटपुटले. बाईंना ते एरवी कधी एकेरीत बोलत नाहीत.

धक्क्याला लागल्यावर सगळे चहाला गेले. काका मात्र खुंटीवर उरलेली माझी गाठ खिळ्याने उकलत बसले.

"टाकून द्या ना काका. मी नवा दोर आणतो."

"दोर हीप्स मिळतील, ढिगाने." त्यांनी गाठीत चिणलेलं टोक दाखवलं. उसवू नये म्हणून लाल दोऱ्याने शिवलेलं, गोधडीसारख्या बारीक टाक्यांनी. "तुझ्या काकूनं हॉस्पिटलात बसून शिवलंय. सगळ्या दोरांची टोकं करणार होती. एकच झालं."

मी हात पुढे केला. "द्या, मी सोडवतो."

काकांनी वरही पाहिलं नाही.

"तू गाडीत जाऊन बस. आणि तिथेही कशाला हात लावू नकोस."